मडिवाळप्पा रोमला गेला ती रात्र

वीज गेली तशी घरातली सगळी पोरं गच्चीवर आली. खाली मन्मथची बॅग भरून ठेवलेली होती. परवा तो इटलीला निघणार होता, दोन वर्षं शिकायला. त्याचे आजोबा, वीरण्णा अज्जा, सतरंजीवर कठड्याला टेकून बसले होते. उदगीरच्या मोंढा बाजारात जिंदगीभर डाळीचा धंदा केलेला माणूस. हिशोब संपले होते, बोलणं संपलं नव्हतं.

"मन्मथ, आधी खालून तांब्याभर पाणी आण," ते म्हणाले. "आन् बाकीच्यांनी ते मोबाईल बंद करा. तोंडावर निळा उजेड घेऊन बसलात की तुम्हीच भुतं दिसायलात."

पाणी आलं. ते प्याले, तोंड पुसलं.

"एक सांगतो. खरी हाय, म्हणूनच इतकी वर्षं सांगितली न्हाई. निम्मी मला मडिवाळप्पाच्या नातवानं, शिवमूर्तीनं, समोर बसून सांगितली, निम्मी म्या माझ्या डोळ्यानं बघितली. खोटी वाटली तर जिना तिकडं हाय."

कुणी उठलं नाही.

हे बघा, दोन हजार पंधरा सालची गोष्ट. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. बोर आटले, विहिरीत दगड दिसायलेत. चौकात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' म्हणून भलामोठा बोर्ड, आन् त्या बोर्डाखाली घागरींची रांग. आम्ही म्हणायचो, जिल्हा करा न्हाईतर ऱ्हाऊ द्या, आधी टँकर धाडा बाबांनो.

आपल्या मागच्या गल्लीत मडिवाळप्पा ऱ्हायचा. माझा जिवाचा दोस्त. बायको सिद्धम्मा, आन् नातू शिवमूर्ती. पोराचे आईबाप लवकर गेले, या दोघांनीच वाढवलं त्याला. पोरगं हुशार निघालं. इंजिनिअर झालं आन् पुढं शिकायला जर्मनीला निघालं.

निघायच्या दिवशी सकाळी अज्जा-नातू पूजेला बसले. आता तुम्हाला सांगायला पाहिजे, कामून की तुमच्यातल्या निम्म्यांनी गळ्यातलं काढून ठेवलंय. आपल्यात इष्टलिंग, महादेवाचं बारकं लिंग, जन्मल्यापासून गळ्यात असतं. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा. मेल्यावर आपल्या माणसाला जाळत न्हाईत, आडवंही करत न्हाईत. मांडी घालून, ताठ बसवतात मातीत. डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. ज्याचं त्याचं. दुसऱ्याचं चालत न्हाई.

तर एरवी दोघांच्या पूजेला दोन ताटल्या असायच्या. पर पाणीच न्हाई म्हणल्यावर सिद्धम्मानं एकच ताटली मांडली. एका तांब्यात दोघांचं भागवा म्हणाली. दोन्ही लिंगं शेजारी शेजारी, दोन्ही काळी, आवळ्याएवढी. फरक एकच. शिवमूर्तीच्या लिंगावरच्या लेपात दाताची खूण होती. रांगता होता तेव्हा कचकन् चावलेलं! मडिवाळप्पा पोट धरून हसलाता तेव्हा. म्हणाला, असू द्या तसंच, महादेवाला पोरानं चावा घेतलाय.

पूजा चाललीय, आन् तेवढ्यात टँकरचा हॉर्न.

शिवमूर्ती तसाच उठला, घागर घेऊन पळाला. परत आला तर हैदराबादच्या विमानाला न्यायला जीप दारात उभी, ड्रायव्हर बोंबलून राहिला. घाईत ताटलीतलं एक लिंग उचललं, चांदीच्या डबीत घातलं, डबी गळ्यात बांधली, पाया पडला आन् गेला.

रात्री मडिवाळप्पानं आपली डबी उघडली. आत दाताची खूण.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. सत्तर वर्षं जे तळहातावर घेतलं, ज्याच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलला, ते गेलं जर्मनीला. कुणाला बोलला न्हाई, फक्त सिद्धम्माला. ती म्हणाली, फोन करून सांगा की.

केला फोन. एकदा न्हाई, लई वेळा. पर पोरगं कुठं जाग्यावर असायचं? तिकडं विमानाचं तिकीट म्हणे आपल्या नांदेडच्या एशियाड बसएवढं. शुक्रवारी कॉलेज सुटलं की पाठीवर एक पिशवी टाकायची आन् चालले इटलीला. मिलान, वेरोना, पिसा. दिवसा पाव खाऊन गावभर हिंडायचं, रात्री होस्टेलात एका खोलीत अनोळखी आठ जणांत झोपायचं. आयुष्यात पहिल्यांदा मोकळा सुटलेला, बसवतच नव्हतं त्याला.

इकडून मडिवाळप्पा कानाला फोन दाबून ओरडायचा, "शिवू, एकटा हायस का? एक बोलायचं हाय. ती डबी जरा..."

"अज्जा, गाडी सुटायलीय. रविवारी करतो. नक्की!"

तो रविवार काही उगवला न्हाई.

आन् डबी? पहिल्याच विमानतळावर तपासणीत गळ्यातनं काढायला लावली. तिथल्या बाईनं उघडून आत बघितलं, हे काय म्हणून विचारलं. मागं माणसांची रांग, सगळे टकामका बघायलेत. पोराला लाज वाटली. त्यानं डबी पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकली, मोज्यांच्या खाली. पुन्हा उघडली न्हाई. उघडली असती तर तिथंच कळलं असतं त्याला.

संक्रांत झाली. त्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री मडिवाळप्पा जेवला, पाटावरून उठून भिंतीला टेकून बसला, आन् बसल्या जागी गेला. आजार न्हाई, काही न्हाई.

सिद्धम्मानं डोळ्यात पाणी येऊ दिलं न्हाई. म्हणाली, "शिवूची परीक्षा हाय. कुणी कळवायचं न्हाई. कळलं की ते सगळं टाकून येईल."

म्या मातीला होतो. तांब्याभर पाण्यात आंघोळ घातली आम्ही माझ्या दोस्ताला, एवढंच पाणी होतं. खड्ड्यात बसवला. स्वामी मंत्र म्हणायलेत. सिद्धम्मानं डबी उघडली, लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आन् तिचा हात तिथंच थांबला.  तोंड उघडलं तिनं, काही बोलणार, आन् मिटलं. मला वाटलं, दुःख हाय. वरून काळी माती पडली.

इथपर्यंत म्या बघितलेलं. आता शिवमूर्तीनं सांगितलेलं.

जानेवारीच्या शेवटी तो इटलीतल्या बोलोन्याला गेला. तसलंच होस्टेल, एकावर एक अशा दोन मजली लोखंडी खाटा. हा वरच्या खाटेवर. रात्री जाग आली तर पार तिकडच्या कोपऱ्यात, खालच्या खाटेवर कुणीतरी बसलेलं. मांडी घालून. ताठ. डावा हात छातीपुढं, तळहात वर. ह्याला वाटलं, कुणी गोरा योगा करत असंल, आजकाल त्यांना लई नाद हाय त्याचा. कूस बदलून झोपला. सकाळी बघतो तर त्या खाटेवर चादरीची घडीसुद्धा मोडलेली न्हाई.

विसरून गेला.

फेब्रुवारीत परीक्षा संपली, व्हेनिसला गेला. आता व्हेनिस म्हणजे पाण्यातलं गाव. दारात पाणी, गल्लीत पाणी, बस म्हणजे होडी. शिवमूर्ती म्हणायचा, सगळे फोटो काढायलेत आन् मला आपली चौकातली घागरींची रांग दिसायली. एका जागी पाच मिनिटं उभं ऱ्हावंना. उगीच वाटायचं, कुणीतरी कुठंतरी आपली वाट बघून राहिलंय, असं.

रात्री पुन्हा जाग आली.

ह्या खेपेला कोपऱ्यात न्हाई. मधली एक खाट सोडून. खालच्या खाटेवर. तसंच, ताठ.

आन् तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. खालची खाट एवढी ठेंगणी असते की मोठ्या माणसाला बसायचं तर मान वाकवावी लागते. हा माणूस वाकलेला नव्हता. पाठ सरळ. खांदे सरळ. खांद्याच्या वर लगेच वरच्या खाटेची फळी.

मग डोकं कुठं होतं?

ह्यानं मोबाईलचा उजेड टाकला. खाट रिकामी. उजेड विझवला. अंधारात बारीक आवाज... सर्र... सर्र... कोरडी माती ओघळावी तसा.

पहाटेच त्यानं घरी फोन लावला. "अज्जी, अज्जाला दे."

सिद्धम्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "झोपलेत."

"उठव की. मला बोलायचंय."

"...आता न्हाई उठायचे ते, शिवू."

पोराला वाटलं, औषधाची गुंगी असंल. तिला तोंडानं सांगवंना, आन् ह्याला विचारवंना. जर्मनीत आपल्या खोलीत त्याचं बूड टिकंना. रात्रभर दिवा चालू. पळून कुठं जायचं? तर पुन्हा पिशवी उचलली. चांगली गर्दीची जागा बघू म्हणून रोमला गेला.

तारीख ध्यानात ठेवा. सात मार्च दोन हजार सोळा. सोमवार. महाशिवरात्र. इथं आम्ही मठात जागरणाला बसलो होतो. त्याला तर आठवणही नव्हती शिवरात्रीची.

रोमच्या स्टेशनामागचं होस्टेल. खोलीत चार खाटा. थंडीचे दिवस, बाकी तिन्ही रिकाम्या. गर्दी शोधत गेलेला माणूस एकटाच. त्यानं पिशवी उशाला घेतली, दिवा चालू ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून पडला. डोळा कधी लागला, कळलं न्हाई.

जाग आली तर दिवा विझलेला.

खोलीत विभूतीचा वास.

त्यानं समोरच्या खाटांकडं बघितलं. एक रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी... रिकामी.

जिवात जीव आला.

आन् पायाकडं गादी खचली.

त्याच्याच खाटेवर. त्याच्याच पायाशी. मांडी घालून... ताठ. डावा हात छातीपुढं. तळहातावर काहीतरी काळं. खिडकीतनं रस्त्याचा उजेड यायचा, तो बरोब्बर त्या हातावर पडलेला. चेहऱ्यावर न्हाई. नुसत्या हातावर.

करंगळीच्या शेजारचं बोट अर्धं होतं.

डाळमिलच्या पट्ट्यात मडिवाळप्पाचं बोट गेलं, तेव्हा शिवमूर्ती चौथीत होता. त्याच अर्ध्या बोटाला धरून शाळेत गेलेलं पोरगं ते.

"अज्जा...?"



मग त्याला उमगलं. अंधारात... ताठ... मांडी घालून... तळहात वर. आपल्यात असं बसवतात कुणाला? कधी बसवतात?

 पाय ओढून घ्यावंत तर पाय हलंनात.

उशाखाली पिशवीची चेन... सर्र... उघडली.

डबीचं झाकण वाजलं. टक्.

मग काहीच न्हाई. लई वेळ. त्यानं डोळे घट्ट मिटलेले. कुणीतरी लांब श्वास सोडला, उन्हातनं आलेला माणूस पाणी पिऊन सोडतो तसा. डोक्यावरून हात फिरला. थंड. बोटं मोजता येत होती. साडेचार.

मानेमागं दोऱ्याला गाठ बसली.

पुन्हा झाकण... टक्.

सकाळी गळ्यात डबी होती. त्या पहिल्या विमानतळापासून एकदाही गळ्यात घातली नव्हती त्यानं.

त्यानं घरी फोन लावला. "अज्जी," म्हणाला, "अज्जा कधी गेले?" आन् मग दोघंही रडले. इकडं ती, तिकडं तो. मन भरून.

एप्रिलमधी पोरगं घरी आलं. त्याच दिवसांत लातूरला आगगाडीनं पाणी यायला लागलं होतं. मला बोलावणं आलं, म्हणून म्या गेलो. शिवमूर्ती वाळून काडी झालेला. रोमपासून इथपर्यंत त्यानं डबी उघडली नव्हती, धाडसच झालं न्हाई. सिद्धम्मापुढं बसून त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "भावजी, मातीच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारीच होता न्हवं?"

"होतो की."

"अदलाबदल झालेली, पर त्या दुःखात ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. हातावर ठेवताना माझ्या बोटाला दाताची खूण लागली. पोराचं होतं ते. सगळं गाव उभं होतं, मातीची वेळ झालेली, काय बोलणार होते म्या? त्यांचं त्यांना द्यायचं ऱ्हाऊन गेलं, ह्या एका गोष्टीनं तीन महिने डोळ्याला डोळा न्हाई माझ्या." मग तिनं शिवमूर्तीपुढं हात केला. "दे. तुझ्या डबीत त्यांचं असंल. उद्या जाऊन त्यांच्यापाशी ठेवू."

तिनं डबी उघडली.

बघत राहिली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग लिंग माझ्या हातावर ठेवलं, कारण तिच्यानं बोलवंना.

दाताची खूण होती, पोरांनो. ह्याच अंगठ्याला लागली.

"घेऊन गेले आपलं," सिद्धम्मा म्हणाली. आन् नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती बाई, रडत रडत. उठली. घरात तेवढा एक तांब्या पाणी होतं, प्यायचं. तिनं ताटली घेतली, लिंग शिवमूर्तीच्या डाव्या तळहातावर ठेवलं आन् सगळा तांब्या त्यावर ओतला.

पाणी आधी गढूळ झालं. आम्ही तिघं बघत बसलो. हळूहळू ते निवळलं, आन् ताटलीच्या तळाला चिमूटभर काळी माती बसली.