कोपऱ्याकडे वळलेले धागे

पुण्यात मगरपट्ट्याच्या कंपनीत मिसबाची नोकरीसाठी मुलाखत होती. तिला तिथे न्यायला तिचा थोरला भाऊ जावेद दुपारीच मांजरी गावातल्या प्रयोगशाळेत आला, जिथे ती संशोधन करायची.

"भाई, एवढं एक बघून निघू," ती म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळे पडदे होते. भर दुपारीही आत आपलाच हात दिसत नसे. तिथे कुणी टिकत नाही, असं सगळे म्हणत. मिसबाच्या आधीची निकिता अचानक सोडून कॉल सेंटरला लागली होती. कारण विचारलं, की ती विषय बदलायची.

"उसाच्या शेतातल्या मातीतले अमीबा," मिसबा हलकेच म्हणाली. "प्रत्येकात चमकणारं हिरवं टिंब दिसेल. तो सेंट्रोसोम. आपल्या पेशीत त्याच्या आत दोन बारीक नळ्या असतात, यांच्यात नसतात. नुसती थराथरांची डबी आणि भोवती कापसासारखं आवरण. सगळे धागे तिथूनच फुटतात. पेशीतला माल त्यांच्यावरून फिरतो. पेशी दुभंगताना डबीच्याही दोन होतात, आणि धागे दोघींना वाटणी करून देतात."

जावेदने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"टिंब नाहीये."

"नीट बघ, मधोमध."

"नुसते धागे आहेत... सगळे एकाच बाजूला."

मिसबाने पाहिलं. एकाही पेशीत टिंब नव्हतं. विंचरलेल्या केसांसारखे धागे खोलीच्या डावीकडच्या कोपऱ्याकडे वळले होते. तिने अमीबांची काचेची बशी फिरवली. धागे सावकाश वळले आणि पुन्हा त्याच कोपऱ्याकडे लागले. बंद खोलीत मळीचा आंबूस वास दाटून आला.

"चल इथून," जावेद कुजबुजला.

"का? संध्याकाळपर्यंत खोली माझी आहे. तू बघत राहा."

ती चाचपडत कोपऱ्यात गेली. कमरेभोवती कोळिष्टकासारखं काहीतरी गुंडाळलं गेलं आणि भिंतीच्या दिशेने ओढू लागलं. पावलं फरशीवरून घसरली.

"मिसबा... आता ते धागे तुझ्याकडे..."

आधी भीती आली, आणि तिच्यामागून संताप. निकिता अशीच गेली असणार. तिच्या आधीच्याही. आणि सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. मिसबाने सरळ फरशीवर मांडी घातली.

"जागा हवी असेल तर रीतसर मागायची," ती अंधाराला म्हणाली. "ओढाओढ केली तरी मी उठणार नाही. उद्याही येणार आहे, परवाही."

ओढ वाढली. श्वास अडकला. ती हलली नाही. मग एकेक धागा सुटावा तशी कंबर मोकळी झाली.

"आलं," जावेद म्हणाला. "टिंब आलं. सगळ्यांत."

मुलाखतीला ती गेलीच नाही. त्याच खोलीत बसून तिने पीएचडी पुरी केली, आणि आता तिथे बसायला मुली रांग लावतात. तिला पुन्हा कधी काही जाणवलं नाही.

जावेद मात्र त्या दिवसापासून झोपेत अंथरुणातच फिरू लागला. अम्मीने त्याची उशी कुठल्याही भिंतीला लावली तरी पहाटे त्याचं डोकं मांजरीच्या दिशेलाच असायचं. पुढे कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं, तेव्हा अम्मीला हायसं वाटलं.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज बारीक होता.

"मिसबा, इथून मांजरी कुठल्या दिशेला येते गं?"