होडीवरचा लाल पट्टा

वाऱ्यानं त्याचं चित्र उडवलं आणि ते थेट माझ्या जाळ्यावर येऊन पडलं. तेही पालथं!

मी बंदरावर जाळं शिवत बसले होते. तो धावत आला. दाढीला हिरवा रंग, आणि चेहरा असा की जणू पोरगंच विहिरीत पडलंय.

"हात लावू नका! ओलं आहे!"

"ते माझ्या जाळ्याला सांगा. आता गुलाबी जाळ्यात मासे येतील का, तेही विचारा."

त्यानं चित्र उलटलं आणि मी हसायचंच विसरले. समुद्र गुलाबी. स्पेनच्या बाजूचे डोंगर शेंदरी. झाडांची खोडं चक्क निळी! एकही रंग खरा नव्हता, आणि तरी भर दुपारी डोळे बारीक करून मी रोज बघायचे ते बंदर हेच होतं. आपलं गाव इतकं देखणं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"वेडं वाटतंय ना?" त्यानं हळूच विचारलं.

"वेडं आहेच. पण... बघूनच ऊन लागतंय."

तो इतका खूश झाला की मीच लाजले. त्याचं नाव आन्सेल्म. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारीच मांडी ठोकून बसू लागला. म्हणे, इथून बंदर छान दिसतं. बघायचा मात्र भलतीकडेच! आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

महिनाभरानं त्याचं मोठं चित्र पुरं झालं. शनिवारच्या गाडीनं ते पॅरिसच्या प्रदर्शनाला जायचं होतं. सुकायला म्हणून त्यानं ते कॅफेच्या खिडकीत ठेवलं, आणि घोळ झाला.

गुलाबी समुद्र गावानं मुकाट्यानं सोसला. शेंदरी डोंगरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण मधोमध आमची निळी होडी होती, आणि तिच्या काठावर लालभडक पट्टा!

आमच्याकडे प्रत्येक घराच्या होडीचा रंग ठरलेला. मुलीचं लग्न जमलं की बापाच्या होडीवर सासरच्या रंगाचा पट्टा चढतो. लाल रंग फाब्रेगांचा. संध्याकाळी फाब्रेगकाकू बदामाच्या वड्या घेऊन दारात हजर! मागे त्यांचा मुलगा जेरोम, पाणी लावून केस चापून बसवलेला.

"आमच्या आधी चित्रकाराला सांगितलंत होय?" काकू लाडानं म्हणाल्या.

मायलेक गेल्यावर बाबा मला म्हणाले, "ओनोरीन, जेरोम वाईट नाही. तो नको असेल, तर त्या पॅरिसकराला पट्टा पुसायला सांग. रविवारी मला फाब्रेगांना उत्तर द्यायचंय."

मी तशीच कॅफेवर आन्सेल्मकडे गेले.

"लाल का लावलास?"

"निळ्याच्या शेजारी लालच हवा होता. नाहीतर सगळं चित्र झोपलं असतं."

"इथे त्या लालापायी माझं लग्न लागतंय!"

सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्यानं फडकं उचललं. "पुसतो."

"आणि चित्र?"

"बिघडू दे. पण तू जेरोमशी... नको ना."

"का नको?"

"कारण..." तो फडक्याकडेच बघत राहिला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण आमच्या घराला होडीच नाही, ओनोरीन. मी कुठला रंग लावणार?"

मी त्याचं मनगट धरलं. माझा जीव त्याच्यावर होता, आणि त्या चित्रावरही. त्यातला एक ठिपकाही मी पुसू दिला नसता.

"लाल राहू दे. या बंदरात कुणाच्याच होडीला नाही असा रंग आहे तुझ्याकडे?"

त्यानं माझ्या हातावर जांभळ्या रंगाच्या चार ट्यूबा ठेवल्या.

शनिवारी सकाळी होड्या वाळूवर ओढलेल्या असताना मी आमच्या खऱ्या होडीला जांभळा पट्टा द्यायला घेतला. हा हा म्हणता सगळं बंदर जमलं.

"हे काय?" फाब्रेगकाकू ओरडल्या. "चित्रात तर लाल होता!"

"चित्रात समुद्रही गुलाबी आहे, काकू."

पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा जेरोमच. काकूंनाही शेवटी हसू आवरेना.

"मग हा जांभळा कुणाचा?"

"याचा," मी आन्सेल्मकडे बोट दाखवलं. चित्र काखेत धरून तो स्टेशनला निघाला होता. कानापर्यंत लाल झाला.

गर्दीतून बाबा पुढे आले. त्यांनी पट्ट्याला बोट लावलं, वास घेतला, आणि मग होडीला एक फेरी मारली. रंग निम्म्यातच संपला होता.

"ए पॅरिसकर, गाडी किती वाजता?"

"द... दहाला."

"मग निघ. आणि येताना रंग जास्त आण. अर्ध्या पट्ट्याची होडी मी किती दिवस मिरवू?"