कुट्टीवरची हाक

ही गोष्ट माझ्यासमोर घडली आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, पण मला खोटं पाडायला येऊ नका.

मी आणि माझी चुलत बहीण ठमी शेतीशाळेत होतो. तिथे शिकायचं ते हातानंच. त्या आठवड्यात गोठ्याची पाळी आमची होती. गोठ्यामागे चारा कापायचं यंत्र होतं, कुट्टी. ठमी यंत्राच्या तोंडाशी उभी राहून मका सारायची. मी भिंतीपलीकडे, बटणाशी. आम्ही एकमेकींना दिसायचो नाही.

म्हणून एक नियम होता. बटण दाबायच्या आधी मी ओरडायचं, "हात?" तिनं सांगायचं, "बाहेर."

ठमी नुसतं कधीच सांगायची नाही. "बाहेर गं बाई," असंच. गप्प बसणं तिला माहीतच नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मका अडकला. मी यंत्र बंद केलं. जरा वेळानं विचारलं, "हात?"

"बाहेर."

आवाज ठमीचाच. पण... पुढचं "गं बाई" कुठे गेलं?

गोठ्यातल्या गाई रवंथ करायच्या थांबल्या होत्या.

माझं बोट बटणावर होतं. मी पुन्हा विचारलं.

"बाहेर..."

या वेळी माझ्या कानाशी.

मागे वळून बघितलं. कोणीच नव्हतं.

मी धावत पलीकडे गेले. ठमीचा हात कोपरापर्यंत कुट्टीत होता. डोळे पांढरे झालेले. गालांवर बोटांचे वळ. कोणीतरी तोंड दाबून धरलं होतं, असं ती नंतर म्हणाली. मी तिला ओढून बाहेर काढलं.

आम्हाला यंत्रं शिकवणारे मास्तर आले. काय झालं, हे विचारलंच नाही त्यांनी.

"तू दाबलं नाहीस ना?" एवढंच म्हणाले.

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! आधी सांगायला काय झालं होतं? तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना आणि दुसऱ्या दिवशी शाळा सोडली.

ठमी मात्र हट्टी. शिक्षण अर्धवट टाकणार नाही म्हणाली. तिची पाळी असली की मी आधी फोन करते, तिला चार शिव्या घालते आणि शेवटी विचारते, "हात?" ती हसते. "बाहेर गं बाई," म्हणते. मग कुठे माझ्या घशाखाली घास उतरतो.

आजही केला. तिनं उचलला, पण बोलेना.

"ठमे, हात?"

...

"बाहेर."

नुसतंच.

मग कुट्टी सुरू झाल्याचा आवाज आला.

शाळेकडे निघालेल्या गाडीत बसून मी हे लिहितेय. तिच्या फोनची रिंग वाजतेय, कोणी उचलत नाही.