वाळूजच्या शीटवरचे फोड

"संध्याकाळी पोलिसांत तक्रार जाणार. तिनं हे कुणाच्या सांगण्यावरून केलं, तेवढंच शोधा," विश्वजित म्हणाला.

खासगी गुप्तहेर कालिंदीच्या क्रांती चौकातल्या कचेरीत तो घाम पुसत बसला होता. वाळूजला त्याचा कारखाना. काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनच्या शीट भट्टीत मऊ करायच्या, प्रेसमध्ये साच्यावर दाबायच्या, की गाडीच्या सीटची पाठ तयार. आठवडाभर त्या पाठींवर फोड येत होते.

"प्रेस रत्नमाला चालवते. पाण्यावरून माझ्याशी कडाडून भांडली, आणि तेव्हापासून हे सुरू."

"पाण्यावरून?"

"दुष्काळ आहे, मॅडम. टँकर मोजका येतो. कामगार कॅन भरून घरी न्यायचे. मी ते बंद केलं."

उघड उघड सूड, असं मंदारनं मनात ठरवून टाकलं. तो कालिंदीचा भाचा आणि मदतनीस.

कारखान्यात रत्नमालानं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "भांडले, व्हय. पण साहेबांशी भांडले, मशीनशी नाय. शीट भट्टीतून निघतानाच फुगलेली असती. माझ्या हातात यायच्या आधी."

इंजिनिअर श्रीनिवासला ते पटत नव्हतं. "भट्टी जास्त तापवली असेल. नाहीतर शीट प्रेसमध्ये न्यायला मुद्दाम उशीर."

"जास्त तापली तर काय होतं?" कालिंदीनं विचारलं.

"पिवळी पडते."

"उशीर झाला तर?"

"वाटेत थंड होते. कडेला सुरकुत्या."

मंदारच्या हातात एक बिघडलेली पाठ होती. रंग नितळ, कडा साफ. मधोमध मात्र फोडच फोड.

शीटच्या कोठाराची किल्ली पाचोडच्या कचरूकडे होती. त्यानं कुलूप काढलं आणि मंदारला हायसं वाटलं. बाहेर ओठ फुटत होते, आत कसा छान गारवा! भिंतीशी पाण्याची पिंपं, त्यांवर ओली गोणपाटं, मधल्या रॅकवर उघड्या शीट.

"दुसऱ्या कुणाकडे किल्ली?" कालिंदीनं विचारलं.

"नाय जी. साहेबांचा हुकूमच हाय तसा." कचरूनं चुरमुऱ्यांची पुडी पुढं केली. "घ्या, भत्ता घ्या."

मंदारनं बकाणा भरला. "काका, मऊ पडलाय हो!"

"आरं, कालच आणला. लई कुरकुरीत होता. रातभर हितंच ठेवला होता."

मंदारनं उघडी पुडी बाहेर उन्हातल्या कट्ट्यावर ठेवून दिली. कालिंदी थबकून त्या पुडीकडे बघत राहिली. मग श्रीनिवासला म्हणाली, "रॅकवरच्या दोन शीट मंद भट्टीत ठेवा. संध्याकाळपर्यंत."

"आणि पोलीस?" विश्वजितनं विचारलं.

"तेही संध्याकाळीच बघू."

दिवस कलला तेव्हा सगळे प्रेसपाशी जमले. रत्नमाला हाताची घडी घालून उभी होती.

"रंग गेला नाही, म्हणजे भट्टी ठीक होती," कालिंदी म्हणाली. "सुरकुत्या नाहीत, म्हणजे हिचा हात चलाख होता. राहिली शीट. नायलॉन हवेतला ओलावा पितं. भट्टीत त्याची वाफ होते आणि फोड उठतात."

"पण हवा कोरडीठाक आहे!" श्रीनिवास म्हणाला. "म्हणून तर उन्हाळ्यात आम्ही शीट वाळवत नाही."

"कोठाराबाहेर कोरडी. आत भत्ता एका रात्रीत सादळतो. कचरूभाऊ, पिंपं आधी कुठं होती?"

"अंगणात. भांडण झालं, आन् साहेबांनी आत ठेवाया लावली."

सगळ्यांच्या नजरा विश्वजितवर खिळल्या.

"चोरी होऊ नये म्हणून…" तो पुटपुटला. "कुलूप लागतं अशी तेवढीच खोली आहे."

रत्नमालानं वाळवलेली शीट चांगली तापवून प्रेसमध्ये सरकवली. साचा उघडला. तिनं पाठीवरून तळवा फिरवला. एकही फोड नाही! मग कुठं तिचे आवळलेले खांदे सैल झाले.

"रत्नमालाताई, मी…"

"ऱ्हाऊ द्या, साहेब. पिंपं बाहेर काढा. आन् कुलूप लावू नका."

कचरू फिसकन हसला. विश्वजितनं मान डोलावली, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच कोठाराकडे निघाला. पहिल्या पिंपातून पहिला कॅन त्यानं रत्नमालाचा भरला.

मंदार कट्ट्यावर टेकला. दिवसभर उन्हात राहिलेल्या पुडीतून त्यानं सवयीनं मूठभर भत्ता तोंडात टाकला.

"मावशी," तो चकित होऊन म्हणाला, "हा परत कुरकुरीत झाला!"

"झाला ना? मग आण इकडं," कालिंदी म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे मी."