मागच्या सीटवरचा होकार

सुयोग परबने भंगारातली जुनी फियाट जोगेश्वरीच्या चाळीत आणली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पठ्ठ्या मात्र हवेत होता. बहीण श्रुतिका लग्न होऊन मुलुंडला जाणार ती याच गाडीतून, असा त्याचा हट्ट. इंजिन मित्राने मार्गी लावलं. आतला अवतार राहिला. खिशाला चाट नको, म्हणून सोफेवाल्याकडचं उरलेलं लाल रेक्झिन आणलं, सीटमध्ये नवा काथ्या भरला, आणि छताचं पिवळं कापड आईने मशीनवर शिवून दिलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी शेवटचा टाका पडला.

"दादा, झकास रे! नवीच वाटतेय!" श्रुतिका ओरडली. सुयोगचा आनंद गगनात मावेना.

पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोकणातल्या माणसाची गाडी हलते होय? सुयोगच्या लवूकाकांनी बॉनेटवर नारळ ठेवला. धुळीपायी काचा बंदच होत्या. सगळे काकांमागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेत जो कोण रवलेलो आसात, तेका आमी हात जोडतोव..."

"व्हय म्हाराजा!"

काका रंगात आले, की जिभेला लगाम नसे. "आमचा चेडू उद्या हयसर बसतला. तां तुझाच समज. तेका तुझ्यावांगडा घेवन जा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे जोशात ओरडले.

...आणि सगळे थांबल्यावर, बंद काचांआडून, खालच्या आवाजात एक बाई म्हणाली, "व्हय म्हाराजा..."

सुयोगने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटचं कोरं रेक्झिन एका बाजूला दबलेलं होतं, आणि ते सावकाश वर येत होतं.

"काका... गाडीत जे कोणी राहतं, त्याला 'पोरीला सोबत घेऊन जा' म्हणालात! परत घ्या ना ते गाऱ्हाणं."

काका गाडीपासून मागे सरकले. "घातलेला गाऱ्हाणा परत घेवक येना नाय, झिला..."

सुयोगने गाडीला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्याने श्रुतिकाला भाड्याच्या गाडीतून, नवऱ्याशेजारी बसवून पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह होता.

"पोचलो रे सुखरूप! दादा, पाठराखीण कोण रे पाठवलीस? गाडीत पुढे बसून आली."

पाठराखीण म्हणून त्यांनी कोणालाच पाठवलं नव्हतं.

"श्रुती... ती कुठाय आता?"

"ही काय, माझा हात धरून उभी आहे. म्हणतेय, चल... अजून पुढे जायचंय."