पांढरं जहाज आणि पोटदुखी

"सतरा, अठरा, एकोणीस! अनिमेष, एकोणीस झाले रे!" पूर्वा बोटीत शेजारी बसलेल्या मित्राच्या कानात कुजबुजली.

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या धक्क्यावर मराठी मंडळाची माणसं बोटीत चढत होती. आज नारळी पौर्णिमा. बॉइन नदीतून समुद्राच्या तोंडाशी जाऊन नारळ वाहायचा बेत होता. बोटीवर मात्र ठळक पाटी होती : बारा माणसं. लाइफ जॅकेटंही बाराच!

"बाबा, सात जण जास्त आहेत," पूर्वानं सांगितलं.

सहलीचे पुढारी तिचे बाबाच, मकरंद. ते हसले. "अगं, पोरं कुठं मोजायची? मांडीवर बसतील. सरका हो, जरा ॲडजस्ट करा!"

नावाडीही फोनमधून मान वर करून म्हणाला, "इट्स ग्रँड!" म्हणजे इथल्या बोलीत 'चालतंय की!'

आयर्लंडचं 'ग्रँड' आणि आपलं 'ॲडजस्ट' एकत्र आलं, मग काय विचारता! बोटीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उरला. आणि अगदी टोकाला, नारळ धरून, जॅकेटाशिवाय बसला होता तिचा नऊ वर्षांचा भाऊ वरुण. पूर्वाला सकाळची गोष्ट आठवली.

पद्माकर आजोबा पुण्याहून आले होते. इतिहासाचे निवृत्त शिक्षक! सकाळीच त्यांनी पांढऱ्या जहाजाची गोष्ट सांगितली होती. नऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा युवराज फ्रान्सहून घरी निघाला. जहाज माणसांनी खच्चून भरलेलं, खलाशी दारू प्यालेले. ते खडकावर आपटलं. युवराज छोट्या होडीतून निसटला होता, पण बहिणीची हाक ऐकून मागे वळला. बुडणाऱ्यांनी त्या होडीत उड्या टाकल्या आणि तीही बुडाली! गादीचा वारस गेला. त्याच्या वडिलांनी, हेन्री राजानं, मुलीला गादी द्यायचं ठरवलं, पण राजा वारल्यावर भाचा स्टीफननं ती बळकावली. मग कित्येक वर्षं नुसत्या लढाया.

"तो भाचासुद्धा त्याच जहाजात चढला होता बरं का," आजोबा म्हणाले होते. "पोट बिघडलं म्हणून उतरला आणि वाचला. राजा मात्र पुन्हा कधी हसला नाही म्हणतात."

पोट बिघडलं म्हणून उतरला!

"अनिमेष, सकाळी काय खाल्लंस?"

"नारळीभात. तुझ्या बाबांनीच केलेला. सगळ्यांनी खाल्ला."

"मग तुझं पोट दुखतंय."

"छे! मी एकदम ग्रँड..." पूर्वानं त्याला जोरात चिमटा काढला. "आई गं! दुखतंय, दुखतंय!"

"मलाही मुरडा आलाय!" पूर्वा पोट धरून ओरडली. "भातातला नारळ खवट होता!"

आजोबांनी नातीकडे टक लावून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं उठले. "माझ्याही पोटात गुडगुडतंय."

"अहो, बोटीत टॉयलेट आहे का?" कुणीतरी विचारलं. नव्हतं! मग काय, एकच पळापळ! दोन मिनिटांत बोट रिकामी. चिडलेल्या वरुणला पूर्वानं दंडाला धरून ओढून काढलं.

तेवढ्यात बंदरातून निघालेलं एक मोठं मालवाहू जहाज समोरून गेलं. त्याची लाट धक्क्यावर धडकली. रिकामी बोटसुद्धा कलंडली आणि वरुणच्या जागेवर भसाभस पाणी शिरलं. नावाडी पांढराफटक पडला.

"बाबा, पोट दुखत नव्हतं," पूर्वाला रडू कोसळलं. "मी खोटं बोलले. मला वरुणची भीती वाटत होती."

"शाबास गं पोरी!" आजोबा म्हणाले. "आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात जे आलं नाही, ते तुम्ही केलंत!" अनिमेष चिमट्याची खूण दाखवत सुटला आणि सगळे खो खो हसले.

बाबा हसले नाहीत. ते वरुणच्या जॅकेटाचे पट्टे आवळत होते, पण बक्कल काही केल्या लागेना. पूर्वानं पुढे होऊन ते लावलं.

"दोन फेऱ्या करू," बाबा म्हणाले. "आणि पूर्वा, आता तू मोज. तेरावा मी असलो, तरी मला उतरव."