त्या दिवशी बाबा घरी होते

चहाच्या कपांच्या मधोमध सासूबाईंनी ती छोटीशी पांढरी पुरचुंडी ठेवली आणि सुनेच्या हातातली किटली तशीच अधांतरी थांबली!

"ह्याला जरा धार लावून आण रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "मोठ्या मावशीचं पातं आहे. उद्या सकाळी लागेल तिला. आणि हो, तुझ्या चाकाचा पट्टा आणायचा राहिलाय ना? मग उद्याच जाऊन ये शहरात. निवांत ये संध्याकाळपर्यंत."

त्यानं पुरचुंडी दोन्ही हातांनी अलगद उचलली. अख्ख्या वस्तीच्या सुऱ्या, कात्र्या, वस्तरे ह्या धारवाल्याच्या चाकावरून जात. कुणी घाई केली की तो बिनदिक्कत म्हणायचा, "मग दातानं कापा!" पण ह्या पात्याच्या बाबतीत त्याचा नूरच वेगळा. मोठी मावशी म्हणजे सगळ्यांची सुईण, तिचं पातं बाळाची नाळ कापण्यासाठी, असा त्याचा लहानपणापासूनचा समज! त्याच्या बापाचाही तोच. म्हणून तर त्यानं दुकानातला सगळ्यांत मऊ दगड खास ह्या पात्यासाठी बाजूला ठेवला होता. कोवळ्या जिवाला कळतासुद्धा कामा नये, असं तो म्हणायचा.

"कुणाकडे पाळणा हलणार आहे?" त्यानं आनंदानं विचारलं.

सासूबाई साखर ढवळत राहिल्या. तेवढ्यात टेबलाखालून चिमणी बाहेर आली, डोळे नुसते चमकत होते तिचे. "बाबा, मला उद्या नवा झगा! टेलरमास्तर शिवतायत. मोठ्ठ्या घेराचा!"

चिमणीच्या आईनं किटली खाली ठेवली. तसाच झगा तिनंही घातला होता... तेव्हा तीही चिमणीएवढीच होती. अंगावरचा मऊ नवा झगा, आतली बंद खोली, हातपाय धरून बसलेल्या मायेच्याच बायका, आणि मग ती वेदना, जिला नाव द्यायला तिला आजवर शब्द सापडला नव्हता! 'शुद्ध झालीस गं पोरी,' असं म्हणून सगळ्यांनी तिला कुरवाळलं होतं आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की कुठल्याही पुरुषापुढे ह्यातलं अवाक्षर काढायचं नाही.

ती शपथ तिनं पाळली. लग्नानंतर नवऱ्याचा हात लागताच अंग दगडासारखं व्हायचं, तेव्हाही पाळली. चिमणीच्या वेळी बाळंतपणात मरता मरता वाचली, 'पुन्हा मूल नको' असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि शेजारणी 'हिला नवऱ्याची मायाच नाही' म्हणू लागल्या, तेव्हाही तिनं तोंडातून ब्र काढला नाही. तो बिचारा हळूहळू दुकानातच झोपायला लागला. आपण हिला नकोसे झालो, अशी त्याची खात्री पटली होती... आणि ती उशीत तोंड खुपसून सगळं गिळत राहिली. स्वतःसाठी गिळता येतं हो माणसाला! पण लेकीसाठी?

दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली. एरवी डबा शेजारचा न्हावी घेऊन जायचा. तिला दारात पाहून गप्पा मारत बसलेला न्हावी गडबडून उठला. टेलरमास्तर कात्रीला धार लावून घ्यायला आले होते, तेही टोपी सावरू लागले. धारवाला चाकावर वाकला होता. मऊ दगड चढवलेला, पाय लयीत हलतोय, आणि बोटांच्या चिमटीत ते पातं...

"थांबवा," ती म्हणाली.

चाकाच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. मग तिनं पुढं होऊन फिरत्या दगडावर सरळ आपला तळहात दाबला!

"अगं, वेड लागलं का तुला!" त्यानं झटकन पाय काढला. दगड थांबला. त्यावर तिच्या हाताचा लाल डाग उमटला होता. न्हाव्यानं खांद्यावरचा पंचा फाडून पुढं केला.

"हे पातं नाळेसाठी नाही," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटत होता. "उद्या कुणाकडे पाळणा हलणार नाहीये. उद्या चिमणीचा नंबर आहे. ह्यानं मुलींच्या अंगावर कापतात... मांड्यांच्या मध्ये. शुद्ध करतात म्हणे. माझ्यावर चाललंय. तुमच्या आईवर चाललंय. माझं अंग तुमच्यापुढे आक्रसतं ना, ते तुमच्यामुळं नाही हो... ते ह्याच्यामुळं!"

तिच्या हाताला पंचा गुंडाळता गुंडाळता नवरा थांबला. पायाखालची जमीन सरकलेला माणूस कसा दिसतो, ते तिनं त्या दिवशी पाहिलं.

"आणि तू मला... इतकी वर्षं..."

"शपथ होती."

मग न्हावी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझ्या थोरलीच्या वेळी मला आईनं बाहेर पाठवलं होतं. आरसा आणायला. दिवसभर फिरलो मी त्या आरशापायी. घरी आलो तर पोरगी भिंतीकडे तोंड करून निजलेली. ताप आलाय म्हणाले."

"मला अस्तर आणायला पाठवलं होतं," टेलरमास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि ते झगे... मोठा घेर ठेवा, कापड मऊ घ्या, अंगाला कुठं लागू देऊ नका, असं प्रत्येक आई सांगायची. मी म्हणायचो, काय हौस आहे बायांना! सगळ्या वस्तीचे झगे मीच शिवलेत हो!"

"पातं माझं, झगा तुमचा," धारवाला सावकाश म्हणाला. "आपण सगळे ह्यात होतो. फक्त घरात नव्हतो."

तिला वाटलं, आता तो पातं फेकून देईल, तिच्याबरोबर घरी येईल. पण तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "तू घरी जा." ती गल्लीच्या वळणावर पोहोचली आणि मागं चाकाची घरघर पुन्हा सुरू झाली. कळूनही हा धारच लावतोय? दिवेलागणीपर्यंत तो आवाज येत राहिला.

तो घरी आला, पुरचुंडी फडताळात ठेवली आणि न बोलता जेवला. चिमणी मांडीवर चढली तर तिला इतकं घट्ट धरलं, की पोर ओरडली, "बाबा, श्वास!" मग मात्र दुकानात न जाता तो घरातच कूस बदलून झोपला. तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्यानं चपला घातल्या. हे पाहून ती चिमणीला उचलून मागच्या दारानं पळायच्याच बेतात होती. तेवढ्यात त्यानं स्टूल उचललं, पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यावर ऐसपैस बसला.

"अजून गेला नाहीस?" सासूबाई बाहेर आल्या. "पट्टा कोण आणणार?"

"चाक चालतंय त्याच पट्ट्यावर. आज मी घरीच आहे, आई."

"पुरुषांचं आज घरात काम नाही!"

"तेच तर चुकलं ना गं आमचं." तो उठला नाही, आवाजही चढवला नाही. घरात अबोल असलेल्या ह्या माणसाच्या पोटात असं काही असेल, असं बायकोला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं! "आई, खरं सांग. तुझ्या वेळी आजोबा कुठं होते?"

सासूबाई काहीतरी खरमरीत बोलणार होत्या. पण हात भिंत शोधू लागला.

"बाजारात," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठवलं होतं... मला बांगड्या आणायला. मी हाका मारत होते रे. बाबा, बाबा! मला वाटत होतं, एकदा का त्यांच्या कानावर गेलं, की ते दार तोडून येतील. ते संध्याकाळी आले, बांगड्या घेऊन. मी त्या कधीच घातल्या नाहीत... लेकरा, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही!"

आणि त्या करारी बाईच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या! जिच्या शब्दाला सगळं घर टरकायचं, ती भिंतीला टेकून लहान मुलीसारखी हुंदके देत होती. तिला पाहून सुनेचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. पंचा बांधलेला हात तिनं सासूबाईंच्या पाठीवर ठेवला. आपल्या दोघींची जखम एकच आहे, हे त्या स्पर्शात दोघींनाही उमगलं.

इतक्यात टेलरमास्तर आले, 'आता हा नुसता मिरवायला' म्हणत चिमणीचा झगा आत दिला आणि पायरीवर बसले. मागोमाग न्हावी आला, आपलं धंद्याचं स्टूलच घेऊन! पाठोपाठ मोठी मावशी आली. दारात पुरुषांचा हा ताफा पाहून ती बिचकलीच.

"माझं पातं?" तिनं विचारलं.

धारवाल्यानं पुरचुंडी आणून तिच्या हातात दिली. तिनं फडकं सोडलं. आत नुसती लाकडी मूठ होती आणि तिला नखाएवढा लोखंडाचा तुकडा.

"धार लावायला दिलं होतंत, मावशी," तो नम्रपणे म्हणाला. "जरा जास्तच लागली."

सुनेला आता कळलं. दिवेलागणीपर्यंत चाललेलं ते चाक... तो पातं झिजवत होता! कणाकणानं, ह्याच हातांनी, त्याच चाकावर!

"नवीन आणलंत तर ह्या गल्लीत त्याला धार मिळणार नाही," तो पुढं म्हणाला.

"झगा मिळणार नाही," टेलरमास्तर म्हणाले.

"आणि बाप बाहेर जाणार नाही," न्हावी म्हणाला. "धाकटी अजून राहिलीय माझी. तिच्या दारात हे स्टूल असेल. घरोघर जाऊन हेच सांगणार आहे मी. वस्तरा गालावर असला की माणूस मुकाट्यानं ऐकतो, हा अनुभव आहे माझा."

मावशी त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळे पुसत नकारार्थी मान हलवली. ती एवढीशी मान हलताना पाहून सुनेला वाटलं, डोंगर हलला!

"बाळंतपणाला तरी बोलवाल ना?" मावशीनं बारीक आवाजात विचारलं.

"कात्रीला धार मी स्वतः लावून देईन," तो म्हणाला. "मऊ दगडावर."

मावशी गेली. चिमणी नव्या झग्याचा घेर गरगर फिरवत बाहेर आली आणि बापाला पाहून थबकली. "बाबा, तुम्ही घरी? आज सुट्टी आहे?"

"हो," तो म्हणाला. त्यानं बायकोचा जखमी हात आपल्या हातात घेतला, कित्येक वर्षांनी. तिचं अंग आक्रसलं नाही. निदान त्या क्षणी तरी नाही. ती त्याच्याकडे पाहतच राहिली, जणू आजच पहिल्यांदा पाहत होती.

सासूबाई हळूच येऊन उंबऱ्यावर, मुलाच्या पायाशी बसल्या. त्यांनी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"संध्याकाळपर्यंत बसशील ना?" त्यांनी विचारलं.

"बसेन, आई," तो म्हणाला.